चाळीस दिवस कुणाचे?

“प्रिय मंडळीस प्रभूच्या नावात सलाम. उपवासकाळ निम्म्याहून अधिक सरला. राखेच्या बुधवारच्या उपासनेला मंदिर भरलं होतं. बुधवारच्या घरोघर प्रार्थना नेमाने चालू आहेत. शुक्रवारच्या उपवास-प्रार्थनेला भगिनींची उपस्थिती उत्साह वाढवणारी आहे. दहावी-बारावीच्या लेकरांसाठी प्रार्थना करावी. तरुण संघाने झावळ्यांच्या रविवारची तयारी सुरू केली आहे...”

इथवर आलो आणि बाईंनी हात वर केला.

हे पत्र 2024च्या मार्चमधलं. आमची मंडळी पाथर्डीच्या बाजूच्या एका छोट्या गावात आहे. पाळकसाहेब दर महिन्याला पत्र लिहितात, मी ते टाइप करून मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी छापून घेतो. त्याआधी ते कुणातरी वडीलधाऱ्याला वाचून दाखवायचं, असा रिवाज आहे. त्या महिन्यात बाई आल्या होत्या. जन्म मिशनच्या शाळेत शिकवण्यात गेला. पाळकसाहेबही चौथीपर्यंत त्यांच्याच हाताखाली होते. तरी त्या त्यांना कधी एकेरी बोलत नाहीत, आणि पाळकसाहेब त्यांच्यासमोर खुर्चीत टेकून बसत नाहीत.

“मंदिर भरलं होतं, हे कुणी लिहिलं?” बाईंनी विचारलं.

“मीच.”

“तोडीला गेलेली घरं धरून?”

पाळकसाहेब गप्प झाले. आमच्या भागात दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयते निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत ती जोडी कोल्हापूर, सांगली नाहीतर कर्नाटकातल्या कुठल्यातरी कारखान्याच्या फडात. हंगाम संपून पट्टा पडतो तो मार्चअखेर, कधी एप्रिलात. म्हणजे राखेच्या बुधवारपासून पवित्र आठवड्यापर्यंतचे सगळे दिवस आमच्या मंडळीतली धडधाकट माणसं गावात नसतात. मागे राहतात म्हातारी, शाळेत जाणारी लेकरं आणि ज्यांना नोकरी किंवा ओलिताची जमीन आहे ती घरं. मंदिर भरतं ते यांनी.

“बाई, पत्र गावात असलेल्यांना जातं,” पाळकसाहेब म्हणाले.

“ग्रुपवर तेही आहेतच की. कोपीत बसून वाचतील, की मंदिर भरलं होतं. मग आपण नव्हतो ते कुणाच्या लक्षात आलं नाही, असंच वाटेल त्यांना. ते ओझं कुठं ठेवायचं त्यांनी?”

एवढ्यावर बोलणं मिटलं असतं. एक वाक्य बदललं असतं आणि पत्र गेलं असतं. पण बाईंच्या मनात या चाळीस दिवसांबद्दलच जुना सल होता. तो त्या दिवशी पुरता बाहेर आला, आणि आला ते बरं झालं.

“मुळात हे आपल्याकडचं नव्हे, पाळकसाहेब. आम्ही अमेरिकन मिशनची माणसं. माझ्या आजोबांच्या घरात रविवार कडक. त्या दिवशी विहिरीवरचा रहाट फिरायचा नाही. पण राख, जांभळं कापड, चाळीस दिवस, यातलं काही नव्हतं. ते इंग्लिश मिशनवाल्यांचं आणि कॅथलिकांचं. आमच्याकडे आलं ते 1970 नंतर, सगळ्या मंडळ्या एक झाल्यावर.”

इतिहासाला धरूनच होतं हे. मुंबईला 1813 साली आलेले आणि 1831 साली नगरला ठाणं केलेले अमेरिकन मिशनरी काँग्रिगेशनल परंपरेचे होते. त्यांचे पूर्वज म्हणजे न्यू इंग्लंडमधले प्युरिटन. पवित्र शास्त्रात ज्या सणाची आज्ञा नाही तो पाळायचा नाही, असं मानणारी ती माणसं. मॅसेच्युसेट्समध्ये 1659 साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंडाचा कायदा झाला होता, आणि 1681 पर्यंत तो टिकला. ज्यांनी नाताळाचीही गय केली नाही त्यांच्या शिष्यांकडे लेंट, म्हणजे हा उपवासकाळ, कुठून असणार? पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्यांची मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यात अँग्लिकन होते, मेथडिस्ट होते, बाप्टिस्ट होते. एका ताटात जेवायला बसलं की एकमेकांच्या भाज्या चाखाव्या लागतात. जांभळं कापड आमच्या वेदीवर आलं ते असं.

बाई इतिहासच शिकवायच्या, त्या 1970 वर थांबणार नव्हत्या. “झ्युरिकला 1522 साली लेंटमध्येच सॉसेज खाल्लं गेलं. फ्रोशाउअर नावाच्या छापखानेवाल्याच्या घरात. झ्विंग्ली तिथं होता. त्याने स्वतः खाल्लं नाही, पण पुढे मंडळीसमोर उभं राहून सांगितलं, की काय खावं न खावं यात माणसाला मोकळीक आहे. आपली अर्धी सुधारणा त्या ताटातून आली. आणि आपण फिरून उपवासाच्या याद्या करतोय.”

“याद्या?”

“ग्रुपवर बघा. आज कुणाकुणाचा उपवास आहे, नावं टाकतात, खाली हात जोडल्याची चित्रं. माझ्या शेजारच्या सुनेला पित्ताचा त्रास. शुक्रवारी अकरा वाजताच तिला भोवळ आली. का केलास गं, विचारलं तर म्हणे, नाव नसलं की दिसतं. याला मोकळीक म्हणायची का?”

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी कधीच सक्ती केली नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. पण सक्ती पाळकानेच करावी लागते असं नाही. ग्रुपही ती करतो.

“आणि दुसरं,” बाई म्हणाल्या, “राखेच्या बुधवारी तुम्ही मत्तयाचा सहावा अध्याय वाचता. उपवास करताना तोंड धुवावं, लोकांना कळू देऊ नये, अशी शिकवण आहे त्यात. ते वाचून होतं न होतं तोच आमच्या कपाळाला राख लावता. चौथीतलं पोर विचारेल हो, गुरुजी, हे कसं?”

या प्रश्नाला पाळकसाहेबांनी पळवाट काढली नाही. ते म्हणाले, “हा पेच मला दर वर्षी पडतो. सुटला असं म्हणत नाही. राख लावताना मी माणसाला तू माती आहेस याची आठवण देतो. ती उपवासाची जाहिरात नव्हे. ती मरणाची खूण आहे, आणि मरण सगळ्यांचं एकच. त्या दिवशी सरपंचाच्या भावाच्या कपाळाला जी राख लागली तीच रोजगारावर जाणाऱ्या आजीच्या कपाळाला लागली. आमच्या मंडळीत, बाई, इतकं सारखं दुसरं काय वाटलं जातं, सांगा.”

बाई यावर काही बोलल्या नाहीत. मला पाळकसाहेबांचं म्हणणं पटलं, पण अर्धंच. कपाळावरची राख घरी जाताना पुसावी, एवढं तरी त्यांनी सांगायला हवं असं मला वाटतं. उपासनेच्या आत ती सगळ्यांची असते. बाजारपेठेतून मिरवली की ती आपली एकट्याची होते.

मग पाळकसाहेब बोलायला लागले, आणि त्यांच्या बोलण्यात पत्रात न आलेली गोष्ट आली. ती तपशिलाने सांगायला हवी, कारण माझं मत तिथं ठरलं.

2020 साली उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानदिन दोन्ही टाळेबंदीत गेले. मंदिराला कुलूप होतं. नंतर कुलूप निघालं, रविवार सुरू झाले, पण बुधवारच्या घरोघर प्रार्थना सावरल्या नाहीत. कारण रोगाचं नव्हतं. कारण नाश्त्याचं होतं. ज्याच्या घरी प्रार्थना त्याने पोहे करायचे, पुढच्याने पोह्यांवर शिरा, त्याच्या पुढच्याने वडा-सांबार. वीस-पंचवीस माणसांचा नाश्ता म्हणजे मजुरीवरच्या घराला आठवड्याचा किराणा. ती घरं हळूहळू म्हणू लागली, आमच्याकडे जागा नाही हो, आमच्याकडे लाइट नसते. फिरून फिरून प्रार्थना त्याच सहा-सात घरांत. बाकीच्या मंडळीला वाटू लागलं, की प्रार्थना स्लॅबच्या घरांची.

“यंदा राखेच्या बुधवारी मी एवढंच सांगितलं,” पाळकसाहेब म्हणाले, “उपवासकाळ आहे, प्रार्थनेनंतर फक्त चहा. तोही कोरा, गुळाचा. बिस्कीटसुद्धा नाही. दुसऱ्याच आठवड्यात एक आजी उठून म्हणाली, मग पुढचा बुधवार माझ्याकडे.”

त्या बुधवारी मीही होतो. पत्र्याची एकच खोली. मधे साडी आडवी बांधून चूल आणि बसायची जागा वेगळी केलेली. मुलगा-सून फडावर, दोन नातवंडं आजीजवळ. लाइट गेलेली. एकाने मोबाइलचा उजेड उलट्या केलेल्या पातेल्यावर टेकवून ठेवला, तो पत्र्यावर पडून खोलीभर झाला. टिळकांची भजनं म्हटली. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी नगरच्या मातीत राहून ख्रिस्ती भजनाला अभंगाची चाल दिली, ती किती खोल मुरलीय हे अशा खोलीत कळतं. पुस्तक कुणाच्या हातात नव्हतं, दिसत तर नव्हतंच, आणि एकाचाही शब्द चुकला नाही. मग आजीने पितळी पातेल्यातून चहा गाळला. पेले कमी पडले. पाळकसाहेब आणि बँकेत असलेले आमचे खजिनदार एकाच पेल्यासाठी थांबले. आजीला त्या रात्री कुणाचं उसनं घ्यावं लागलं नव्हतं. तिच्या दारात मंडळी पहिल्यांदाच बसली होती, आणि ती बसू शकली ती बिस्कीट न ठेवण्याच्या नियमामुळे.

मला वाटतं लेंटची बाजू मांडायला ही एक संध्याकाळ पुरे. उपवास एकट्याने केला तर तो त्याच्या देवाचा आणि त्याचा मामला. पण सगळ्या मंडळीने मिळून काही कमी केलं, की ज्याच्याकडे आधीच कमी आहे त्याला बरोबरीची जागा मिळते. हे एरवी होत नाही. एरवी आपण गरिबाला काहीतरी देऊन वर आणायला बघतो आणि तो संकोचाने आणखी खाली जातो. इथं ज्यांच्याकडे होतं ते एक पायरी उतरले. आणि त्यासाठी ठरलेले दिवस लागतात. कुणीतरी नुसतंच म्हटलं असतं की आता नाश्ता बंद, तर चार घरं रुसली असती. उपवासकाळ आहे म्हटल्यावर कुणाचा हात आखडला नाही.

बाईंनी हे सगळं शांतपणे ऐकलं. “हे पत्रात का नाही?” त्यांनी विचारलं.

“चहाचं काय लिहायचं?”

“हेच तर लिहायचं. उपस्थिती उत्साह वाढवणारी आहे, हे कुठल्याही मंडळीचं कुठल्याही वर्षीचं वाक्य आहे. त्या आजीचं नाव घालू नका, तिला लाज वाटेल. पण चहाचं घाला.”

मी लिहून घेतलं.

पण त्या वाद सोडून द्यायला बसल्या नव्हत्या. “तुमचा चहा पटला,” त्या म्हणाल्या. “तरी शुक्रवारचा उपवास मला पटत नाही, आणि का ते सांगते. बहात्तरच्या दुष्काळात मी लहान होते. आई खडी फोडायला जायची. शाळेत सुकडी मिळायची ती मी फ्रॉकच्या खिशात घालून आणायचे, धाकट्यासाठी. अमेरिकेचा तो तांबडा मिलो, भाकरी थापली की तुटायची. आजीच्या तोंडून तिच्या आजीच्या वेळचा, 1876 चा, दुष्काळ ऐकलेला. आपल्या मंडळीतली निम्मी घरं अशाच दुष्काळांच्या दिवसांत येशूच्या ओळखीची झाली. उपाशी राहणं आम्हाला कुणी शिकवायचं नव्हतं. आमच्या लोकांनी देवाजवळ भाकर मागितली. ती मिळाली. आता ती मिळालेली भाकर शुक्रवारी बाजूला सारायची, आणि त्याला भक्ती म्हणायचं, हे माझ्या हाताने होत नाही.”

मला आजवर उपवासाविरुद्ध ऐकलेलं हे सगळ्यांत वजनदार बोलणं वाटतं. झ्युरिकचं सॉसेज यापुढे काहीच नाही. ज्याचं पोट भरलेलं आहे त्याच्या उपवासात आणि ज्याच्या घराण्याने भूक भोगली आहे त्याच्या उपवासात फरक आहे, आणि पाळकाने दोघांना एकच वेळापत्रक देऊ नये.

पाळकसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाई, तुम्ही शुक्रवारी जेवा. मी आता हे मंदिरातही सांगणार आहे. तोडीवाल्यांनी, बाळंतिणीने, औषध चालू असलेल्याने, परीक्षेला बसलेल्याने उपवास धरू नये. कॅथलिकांचा नियमसुद्धा साठीच्या पुढच्याला उपवासातून सोडतो आणि सक्तीचे दिवस वर्षाला दोनच धरतो, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार. आपण तर त्याहून मोकळे असायला हवं. पण ज्याने जेवण सोडलं त्या जेवणाचं काय झालं, हे मी विचारणारच. यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय तेच विचारतो. म्हणून डबे ठेवलेत.”

डब्यांची गोष्ट अशी. राखेच्या बुधवारी घरोघरी पत्र्याचा एकेक डबा दिला. रोज भाकरीचं पीठ काढताना मूठभर ज्वारी त्यात टाकायची. तिकडे मिझोरमच्या मंडळ्यांत बायका शंभरहून अधिक वर्षं स्वयंपाकाच्या वेळी तांदळाची मूठ बाजूला काढत आल्या आहेत, त्यावर त्यांच्या मंडळीची कामं चालतात. आपल्याकडेही मूठ काढायची चाल जुनी आहे, ती मोडली होती. आमच्याकडे हे दिवस नेमके रब्बीच्या ज्वारीच्या काढणीचे. ज्याच्याकडे पिकली त्याची मूठ मोठी. अर्थात त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता, ज्वारी गुडघ्याएवढीच राहिली, कडबाही हाती लागला नाही. तरी डबे रिकामे आले नाहीत. ती ज्वारी मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी जाते. आजीच्या घरीही गेली.

“मूठ मी टाकते,” बाई म्हणाल्या. “जेवून टाकते.”

“तेवढंच मागतोय मी.”

यात कोण जिंकलं हे मी ठरवायला बसलो नाही. पण पत्रात दोन ओळी वाढल्या. उपवासाची नावं ग्रुपवर टाकू नयेत, ही एक. कुणी उपवास धरू नये त्याची यादी, ही दुसरी.

मग गाडी पुढच्या मजकुरावर आली. झावळ्यांचा रविवार 24 मार्चला, आणि त्याच संध्याकाळी होळी. शेजारच्या घरांतून पुरणपोळ्या येणार, तरुण पोरांनी विचारलं होतं की खायच्या का. याचं उत्तर सोपं होतं. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानदिनाच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर दिवस सेहेचाळीस होतात, त्यातून सहा रविवार वगळले की चाळीस. रविवार हा प्रभू उठला तो दिवस, त्या दिवशी उपवास नसतो. पोळी खावी, आणि ज्याने दिली त्याच्या दारी जाऊन खावी, असं पाळकसाहेबांनी लिहायला सांगितलं. त्याच महिन्यात रमजानही होता. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराचा रोजा आणि आमचा शुक्रवार एकाच दिवशी यायचे. तो मला म्हणाला होता, तुमचं बरं, पाणी तरी चालतं.

शेवटी उत्तम शुक्रवार. बारा ते तीन, क्रूसावरचे सात उद्गार, सात वक्ते. या उपासनेवर बाईंचा भारी जीव. लहानपणापासून त्यांनी ती चुकवलेली नाही.

पाळकसाहेबांनी इतका वेळ राखून ठेवलेलं आता काढलं. “बाई, ही उपासना तरी आपली आहे का? लिमा शहरात, पेरू देशात, 1687 साली मोठा भूकंप झाला. त्यानंतर तिथल्या आलोन्सो मेसिया नावाच्या जेझुइट धर्मगुरूने तीन तासांची ही भक्ती बसवली. तिथून ती स्पेन, इटली करत पसरली. अमेरिकन मिशनच्या तुमच्या आजोबांना हे कळतं तर?”

बाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “भूकंपानंतर का?”

“हो. शहर पडलं होतं.”

“मग ती आपलीच. शहर पडल्यावर माणसं तीन तास एका जागी बसून राहिली असतील तर त्यात कोण कॅथलिक आणि कोण अमेरिकन मिशन.” आणि लगेच, “पण मग लेंटचंही तेच म्हणाल तुम्ही.”

“म्हणणारच.”

“म्हणा. मी ऐकेन. मानेन असं नाही.”

वक्त्यांची नावं ठरवताना पाळकसाहेबांनी पाचवा उद्गार, तहानेचा, बाईंना दिला. त्या आधी नको म्हणाल्या, मग हो म्हणाल्या, आणि तेव्हा त्यांना दुसरं काही आठवलं. गावात आठवड्यातून दोनदाच टँकर यायचा, मंगळवारी आणि शुक्रवारी. दीड-दोनच्या सुमाराला, म्हणजे नेमका चौथ्या-पाचव्या उद्गाराच्या वेळी.

“गेल्या वेळी काय झालं आठवतंय?” त्यांनी विचारलं. “टँकरचा हॉर्न वाजला, चार बायका उठल्या, आणि मागून कुणीतरी म्हणालं, प्रभू क्रूसावर आहे आणि यांना पाण्याचं पडलंय. त्यातली एक पुढच्या रविवारी आली नाही.”

“यंदा असं कुणी बोलणार नाही.”

“बोलणार नाही म्हणून भागणार नाही. पत्रात लिहा. टँकर आला की उपासना थांबेल. पुरुषांनीही उठायचं, हंडे उचलायला. फडावर गेलेल्यांच्या म्हाताऱ्यांचे हंडे आधी भरायचे. सगळे परत येऊन बसले की मी पाचवा उद्गार सुरू करेन. तीनाच्या ठोक्याला संपलं नाही तर साडेतीनला संपेल.”

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पत्राचं पान वर सरकवलं. ‘मंदिर भरलं होतं’ खोडलं आणि त्या जागी फडावर असलेल्या घरांची नावं, कुटुंबप्रमुखाच्या नावाने, एकेक करून टाइप करायला घेतली. बाई सांगत गेल्या. दोन नावं पाळकसाहेबांच्याही ध्यानात नव्हती.